पऱ्हाटीत बंदूक की जिवाणू?

शिवारफेरीला आलेले शेतकरी आमच्या ऊतिसंवर्धन प्रयोगशाळेत सहसा फार रमत नाहीत. बाटल्यांतली रोपं बघायची आणि चहाकडे वळायचं. त्या दिवशी मात्र जीन गन, म्हणजे पेशींत जनुकं घुसवणारी बंदूक, चालू होती. मायक्रॉनभर आकाराचे सोन्याचे कण, त्यांवर डीएनएचा लेप, मागून हेलियमचा दाब. ११०० पीएसआयला दाब अडवणारी चकती फट्‌कन फुटली आणि सगळे थबकले.

"अन् थे सोनं आत कुठं जाऊन बसते, तुमाले समजते?" यवतमाळकडच्या एका काकांनी विचारलं.

नाही समजत. आधी तरी नाहीच. मी कपाटातून सदर्न ब्लॉटच्या, म्हणजे घुसलेल्या जनुकाच्या प्रती पट्ट्यांत दाखवणाऱ्या चाचणीच्या, जुन्या फिल्म काढल्या. अ‍ॅग्रोबॅक्टेरियम वापरून केलेल्या रोपांत एक-दोन पट्टे, बंदुकीच्या रोपांत पट्ट्यांची रांगच. हा मातीतला जिवाणू जखमेतून शिरतो आणि आपल्या डीएनएचा ठरावीक तुकडा झाडाच्या गुणसूत्रात घालून गाठी आणतो. गाठीची जनुकं काढून तिथे आपलं जनुक बसवायचं. तंबाखूत हे १९८३ सालीच जमलं होतं. पण तृणधान्यांशी त्याचं बरीच वर्षं पटलं नाही. बंदुकीला झाडाची जात विचारावी लागत नाही. फक्त ती जनुकाच्या अनेक प्रती, कधी तुटक्याही, घुसवते. मग शेकडो रोपांतून एखादं नीट निघतं.

एका तरुणाने क्रिस्परचं, म्हणजे डीएनए कापून जनुक बदलणाऱ्या कात्रीचं, काढलं. २०२२पासून भारतात, बाहेरचा डीएनए शिल्लक नसलेल्या काही जनुक-संपादित पिकांना जीएमच्या (जनुकीय बदल केलेल्या पिकांच्या) नियमांतून सूट आहे. लोकांना वाटतं, जुन्या पद्धती संपल्या. पण ती कात्री पेशीत न्यायला बहुतेक वेळा हाच जिवाणू नाहीतर हीच बंदूक लागते!

"माह्या पऱ्हाटीत यातलं कोनतं हाय?" काकांनी मुद्द्यावर, म्हणजे कपाशीवर आणलं.

"दोन्ही."

२००२ साली परवानगी मिळालेल्या बोलगार्ड या बीटी कपाशीतलं क्राय१एसी हे अळीसाठी विष बनवणारं जनुक जिवाणूमार्फत गेलं, तेही कोकर ३१२ या अमेरिकन वाणात, कारण ते प्रयोगशाळेत पेशींपासून सहज उगवतं. आपल्या वाणांत ते नंतर संकराने आलं. २००६च्या बोलगार्ड-२ साठी, पहिलं जनुक असलेल्याच कपाशीवर बंदूक चालवून क्राय२एबी हे दुसरं जनुक घातलं.

"दोन-दोन असून मंग गुलाबी अळी काऊन येते?"

पद्धतीवरून भांडणाऱ्यांनी हा प्रश्न ऐकावा. जिवाणू आणि बंदूक, दोघांनीही आपलं काम चोख केलं होतं. अळी दोन्ही विषांना सरावली. आपण संकरित बियाणं लावतो. जनुक एकाच पालकाकडून आलं असेल तर बोंडातल्या पाव सरक्यांत ते नसतंच. गुलाबी अळी सरकीच खाते, म्हणजे एकाच बोंडात कुठे विष, कुठे नाही. शिवाय साध्या, नॉन-बीटी कपाशीच्या ओळी हव्यात. तिथे वाढलेले, विषाला न सरावलेले पतंग सरावलेल्यांशी जुळले, तर प्रतिकारशक्ती लवकर पसरत नाही.

"बियाण्याच्या पाकिटासोबतची नॉन-बीटीची पुडी कोण कोण पेरायचं?" मी विचारलं.

काका हसले. "थे पुडी? थे त बांधावरच पडे. अळीले कोन जागा देईन, मॅडम?"