झालं का?

पंधरा मिनिटांचं मध्यंतर आणि लेडीज टॉयलेटच्या रांगेत माझ्यापुढे चौदा बायका. शेजारच्या दारातून पुरुष मंडळी आत गेली काय, हात पँटला पुसत बाहेर आली काय, गप्पा मारत निघूनपण गेली. नवरा लांबून खुणेने विचारतोय, झालं का? अरे कसलं झालं, ही पर्स धर आधी.

बाहेरून दोन्हीकडे जागा सारखीच दिसते हो, पण युरिनलला जागा कमी लागते त्यामुळे तेवढ्याच खोलीत त्यांची जास्त जणांची सोय होते, आणि आमचे कपडे, पाळी, कडेवरचं लेकरू, वेळ लागतोच. बेल्जियमच्या गेंट युनिव्हर्सिटीतल्या दोघांनी २०१७ मध्ये या रांगांचं गणित मांडलं होतं, बायका-पुरुषांचं टॉयलेट एकच, कॉमन केलं तर बायकांचं थांबणं ६ मिनिटांवरून दीड मिनिटाच्या आत येतं म्हणे. विमानात कुठे कोण वेगळं मागतं?

लहानपणी एकदा मी आणि बाबा दोघंच प्रवासाला निघालो होतो. मला घाईची लागलेली आणि बाबा त्या दोन दारांच्या मधोमध उभे. इकडे मला नेववेना, तिकडे त्यांना जाता येईना. शेवटी एका अनोळखी बाईंना म्हणाले, "ताई, हिला जरा आत नेता का?" त्या बाईंनी माझं मनगट असं घट्ट धरलं की त्यांची अंगठी रुतली, आणि आत गेल्यावर मला काही होईचना. बाहेरून बाबांचा आवाज, "झालं का गं?"

तेव्हा कॉमन असतं तर बरं झालं असतं. पण मागे एका ऑफिसात कॉमन होतं, जमिनीपासून छतापर्यंत दारं, सगळं चकाचक, तरी पलीकडून कुणीतरी पुरुष खाकरला आणि मी आपली श्वास रोखून बसले, तो जाईपर्यंत. शिवाय लेडीजमध्ये अनोळखी बाईकडे पिन मागता येते, पॅड मागता येतं, आरशासमोर रडतापण येतं. ते कॉमनमध्ये कसं जमणार, मला तरी नाही जमायचं.

नंबर लागला एकदाचा. आत कडीच नाही. कुर्त्याचं टोक दातात, एक हात दारावर, आणि बाहेरून कुणीतरी ढकलतंय. "आहे, आहे!" ओरडले, पण तोंडात कापड, काय ऐकू गेलं असेल कोण जाणे. घंटा तेव्हाच वाजली.