पिलाताचे हात

सोमवार, रात्र

आज मार्काच्या शुभवर्तमानाचा (मत्तय, मार्क, लूक, योहान ही बायबलमधली येशूची चार चरित्रं) पंधरावा अध्याय पुन्हा वाचला. पिलात, म्हणजे यहुदियाचा रोमी सुभेदार, तिथं मोजकंच बोलतो. ‘यानं काय वाईट केलंय?’ असं एकदा विचारतो, आणि जमावाला खूश करायला (१५:१५) बरब्बा या कैद्याला सोडून येशूला क्रुसावर पाठवतो. हात धुणं नाही, बायकोचं स्वप्न नाही. ती दोन्ही फक्त मत्तयात (२७:१९ आणि २४). येशूला गालीलच्या हेरोदाकडे धाडणं फक्त लूकमध्ये, ‘सत्य काय आहे?’ फक्त योहानात. गुड फ्रायडेच्या प्रवचनात मात्र चौघांची मिसळ होते आणि एक हळवा, कात्रीत सापडलेला सुभेदार उभा राहतो. असा पिलात चौघांपैकी एकानंही लिहिलेला नाही.

उतारे शेजारी शेजारी ठेवले की सरकणं दिसतं. लूकमध्ये तो तीनदा ‘दोष नाही’ म्हणतो (२३:४, १४, २२). योहानात वाड्याच्या आतबाहेर येरझाऱ्या घालतो आणि ‘तू कैसराचा (रोमी सम्राटाचा) मित्र नाहीस’ या धमकीपुढे वाकतो. ठपका हळूहळू यहुदी पुढाऱ्यांकडे जातो. इ.स. ७० मध्ये यरुशलेम पडल्यावर रोमी शहरांत राहणाऱ्या ख्रिस्ती मंडळ्यांना, आपला प्रभू रोमी शिक्षेनं मेला हे सांगणं जडच गेलं असणार.

हात धुण्याचंच घ्या. तो विधी जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकातला (२१:६): खुनी सापडत नसेल तर जवळच्या गावच्या वडीलजनांनी कालवडीवर हात धुवायचे. मत्तय तो रोमी अधिकाऱ्याकडून करवतो!

पहिल्या शतकातला यहुदी इतिहासकार योसेफस याचा पिलात निराळाच. मंदिराचा पैसा पाणी आणण्याच्या कामाला लावतो, ओरडणाऱ्या गर्दीत साध्या वेशातले सोटेवाले शिपाई घुसवतो. गरिज्जीम डोंगरापाशी शोमरोन्यांची (समरिटन लोकांची) कत्तल झाल्यावर सीरियाचा सुभेदार विटेलियस त्याला रोमला जाब द्यायला पाठवतो. दहा वर्षांची कारकीर्द (२६ ते ३६) तिथं संपते. हा पिलात लूकलाही ठाऊक आहे: १३:१ मध्ये त्यानं गालीली लोकांचं रक्त त्यांच्याच बलिदानांत मिसळल्याचा उल्लेख आहे. हे वचन प्रवचनात क्वचितच येतं.

आणि क्रुसावरचा लेख. चौघांचे शब्द थोडे वेगळे, योहान तर तो तीन भाषांत होता असं सांगतो. पण ‘यहूद्यांचा राजा’ एवढं प्रत्येकात आहे. आरोप राजद्रोहाचा होता, आणि तो कुणीही खोडलेला नाही.