मे महिन्यात मांडीवर गोधडी

गोधड्या थंडीसाठी, पण आमच्याकडे त्या शिवाव्या लागतात मे महिन्यात. यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यात बायांना दुसरी सवडच नसते. पावसाळ्यात निंदण-खुरपण असतं, शिवाय धुतलेलं लुगडं वाळत नाही. दसऱ्याच्या पुढेमागे कापूस फुटला की वेचणी सुरू, मग घरात कोणी सापडत नाही. आमच्या चर्चच्या मंडळीच्या महिला सभेत विषय निघाला तेव्हा एक काकू लगेच म्हणाल्या, "पारा ४५वर अन् गोधडी मांडीवर घेऊन बसाचं? जीव जाईन व माय!" तरी पहिल्या सकाळी सुई-दोरा घेऊन सगळ्यांच्या आधी त्याच हजर.

गोधड्या द्यायच्या होत्या एका कुष्ठधामातल्या म्हाताऱ्या माणसांना. पाळकबाईंनी त्या दिवशी बायबलातल्या प्रेषितांची कृत्येमधला ९वा अध्याय वाचला, यापोच्या टबीथाचा, जी विधवांसाठी कपडे शिवायची. शिवणाचं काम निघालं की आमच्याकडे टबीथा येतेच. पण दोघी-तिघी गप्प होत्या. कशामुळे, ते सगळ्यांना कळत होतं. मंडळीत एक निवृत्त नर्स आहेत, आमच्या सिस्टर, त्यांनी सरळ विषयालाच हात घातला. १९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेनं सांगितलेला बहुविध औषधोपचार सहा ते बारा महिने घेतला की रोग बरा होतो, आणि औषध सुरू झालं की संसर्गाची भीती लवकरच सरते. तिथली माणसं केव्हाच बरी झालेली आहेत. उरलं आहे ते हातापायांचं बधिरपण, वाकडी झालेली बोटं आणि घरच्यांनी तोडलेलं नातं. त्यानंतर कोणी काही बोललं नाही, आणि गप्प बसलेल्याही शिवायला आल्या.

कापड कापायच्या आधी आम्ही तिथं जाऊन आलो. हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. दान म्हटलं की लोक आपल्याला जड झालेलं देतात, घेणाऱ्याला काय पाहिजे ते कोणी विचारत नाही. तिथल्या एका आजीनं दान आलेली जाडजूड रजई दाखवली. म्हणाली, "ऊब लय हाय पोरी, पण धुतली का उचलत नाही. पिळू कशी?" तिच्या दोन्ही हातांची बोटं आखडलेली होती. तिथंच ठरलं, रुई भरायची नाही. कापसाच्या मुलखात राहून असं म्हणणं जरा जिवावर येतं, पण रुई धुतली की तिचे गोळे होतात आणि पाणी धरून बसते. आमची गोधडी फक्त चार थरांची, हातावर टाकून दोरीपर्यंत नेता येईल अशी.

हिशेब सोपा आहे. सहावारी साडी साधारण साडेपाच मीटर, म्हणजे अठरा फूट. तिचे सहा-सहा फुटांचे तीन तुकडे होतात. चार साड्यांत तीन गोधड्या. वरचा आणि खालचा थर सुतीच, मध्ये मिश्र धाग्याचं चालतं. निव्वळ पॉलिस्टर नको. ते घसरतं, झोल येतो, अंगाला उबही लागत नाही. जरीचे काठ काढून टाकायचे, टिकल्या उसवायच्या, ब्लाऊजपिसाच्या ठिगळात हूक राहिला नाही ना ते बोटानं चाचपायचं. बधिर कातडीला टोचलेलं कळत नाही, जखम चिघळल्यावर कळते. सगळं कापड सोडा टाकून उकळत्या पाण्यात. स्वयंपाकघरातल्या लुगड्याला तेलाचा वास राहतो आणि वासानं उंदीर येतात. वेल्लोरला कुष्ठरोग्यांवर इलाज करणाऱ्या डॉ. पॉल ब्रँड यांना कळलं होतं की रोग्यांची बोटं रात्री उंदीर कुरतडतात आणि झोपेत त्यांना पत्ताही लागत नाही, म्हणून त्यांनी रोग्यांना मांजरं पाळायला दिली. सिस्टरनी हे सांगितल्यापासून धुण्यात कोणी कसूर केली नाही.

बसायचो सकाळी सहाला, चर्चच्या ओसरीवर. दहा वाजले की फरशी तापायची आणि बायांची तोंडंही. कूलर लावायची सोय नव्हती, कारण थर उडतात. आधी चारही थर ताणून मोठे कच्चे टाके घालायचे, मग काठापासून धावदोरा सुरू करून चौकोनात फिरत फिरत मधोमध यायचं. दोरा मेणबत्तीवरून ओढून घेतला की गुंतत नाही. नाताळातली अर्धवट जळलेली थोटकं आमच्याकडे डबाभर होती, ती कामी आली. घामानं सुई बोटातून सटकते, म्हणून प्रत्येकीच्या गुडघ्यावर एक चिंधी.

उठताना सुया मोजायच्या, हा सिस्टरचा नियम. एकदा एक कमी भरली. कोणाच्या पदराला नाही, चटईत नाही, केरात नाही. त्या दिवशी घरी परतायला दुपार झाली, पण कोणी उठलं नाही. एकीनं रेडिओच्या दुकानातून जुन्या स्पीकरचं लोहचुंबक आणलं आणि गोधडीवरून हळूहळू फिरवलं. तिसऱ्या थरात तुटकं टोक निघालं, उरलेला तुकडा केसांच्या अंबाड्यात. अंबाडावालीला आम्ही अजून सोडलेलं नाही.

गोधड्या पोचवल्या दिवाळीनंतर, थंडी पडायला लागली तेव्हा. तिथं कार्यक्रम, फोटो, भाषण काही नको असं आधीच सांगून ठेवलं होतं. आजीनं आपली गोधडी दोन्ही तळव्यांत धरून उचलून पाहिली आणि विचारलं, "उशीची खोळ करता का व तुम्ही?"

खोळींचं जमेल. अडचण आहे ती सुती लुगड्यांची. गावात नऊवारी नेसणाऱ्या बाया आता मोजक्याच, आणि त्यांची जुनी लुगडी भांडेवाली एका स्टीलच्या डब्यावर घेऊन जाते. यंदा संक्रांतीनंतर तिच्या आधी आम्हीच गल्लीत फिरणार आहोत, आणि ज्यांना डबाच पाहिजे त्यांना डबा द्यायचा ठरलंय, सभेच्या वर्गणीतून.