वाघाला मिठीत घेताना

आज सकाळी सव्वासातला ताई ची, म्हणजे संथ हालचालींचा चिनी व्यायाम, करायला वॉशिंग्टन स्क्वेअर बागेत पोचले. सॅन फ्रान्सिस्कोचं नेहमीचं धुकं, गवत दवानं ओलं. चिनी आजी पुढे, मी मागे. 'वाघाला मिठीत घे, डोंगराकडे परत जा' या हालचालीला आजी थांबल्या, मागे आल्या आणि दोन बोटांनी माझं कोपर हलकेच खाली केलं. एक शब्द नाही. चार महिने दगड झालेला माझा खांदा सुटला! डोळ्यांत पाणीच आलं.

घरी आल्यापासून ताई ची शिकवणारे चुंगलियांग अल हुआंग डोक्यात आहेत. शांघायमध्ये १९३७ साली जन्म, युद्धातलं बालपण, मग तैवान. अमेरिकेत आले ते आर्किटेक्चर शिकायला आणि झाले नर्तक. कॅलिफोर्नियात बिग सरच्या एसलेन या शिबिरं घेणाऱ्या संस्थेत ते लेखक-तत्त्वज्ञ ॲलन वॉट्सबरोबर शिकवायचे. वॉट्स नोव्हेंबर १९७३ मध्ये अचानक गेले, ताओवरचं, म्हणजे निसर्गाच्या ओघानं जगण्याच्या चिनी तत्त्वज्ञानावरचं, पुस्तक अपुरं राहिलं. ते हुआंगनी पुरं केलं, १९७५ मध्ये आलं. मित्राचं राहिलेलं काम असं हाती घ्यायला केवढी माया लागते!

ताई ची म्हणजे पाठ केलेली कवायत नव्हे, ती ज्याच्या-त्याच्या अंगातून उमटावी, हा त्यांचा आग्रह. कुंचल्यानं चिनी अक्षर काढतानाही त्यांचं सगळं अंग नाचतं. मी कथक शिकले ते मात्रा मोजत, चुकायच्या धास्तीनं. हे मला विशीत कुणी सांगायला हवं होतं.

आजींसाठी तिळाच्या वड्या डब्यात भरून ठेवल्यात. उद्या सातलाच पोचते.