पायवाटेवर दिशा सांगणारा आवाज

‘गुगल मॅप बोलतोच की, मग अंध माणसाला पायवाटेवर चालायला वेगळं अ‍ॅप कशाला?’ हे बरेच जण विचारतात. तुम्हीही विचारलंत म्हणून जरा तपशिलात सांगतो.

‘डावीकडे वळा’ हे शहरात पुरतं, कारण तिथे चौक असतो. पायवाटेवर डावीकडे म्हणजे नेमकं किती? मायक्रोसॉफ्टने २०१८ साली आणलेल्या साउंडस्केप या अ‍ॅपने यावर फार सुंदर तोड काढली. पुढच्या खुणेच्या, म्हणजे अ‍ॅपमध्ये आधीच नोंदवून ठेवलेल्या जागेच्या, दिशेने कानात सलग ठोका वाजत राहतो. तोंड बरोबर तिकडे असलं की त्यात किणकिण मिसळते, वळलात की आवाज एका कानाकडे सरकतो. किती वळायचं, कधी थांबायचं, हे चालणारा स्वतः ठरवतो. २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टने ही सेवा बंद केली, पण तिचा कोड कुणालाही वापरता येईल असा खुला केला. आयफोनवरचं व्हॉइसव्हिस्टा हे अ‍ॅप त्याच कोडवर उभं आहे.

खरी मेहनत मात्र खुणा ठेवण्यात आहे. ठोका सरळ रेषेत बोलावतो, वाट कशी वळते ते त्याला कळत नाही. नागमोडी वाटेवर पुढची खूण वळणापलीकडे ठेवलीत, तर तो तुम्हाला थेट उतारावरून खाली बोलावेल. म्हणून प्रत्येक वळणाच्या तोंडाशी एक खूण हवीच. सरळ पट्ट्यात शंभरेक मीटरवर एक पुरते. फार दाटीनेही ठेवू नका, कारण एकीजवळ पोचायच्या आतच दुसरी बोलायला लागते. खूण घेताना तिथे मिनिटभर थांबा, जीपीएस स्थिरावू द्या. उघड्या आकाशाखालीसुद्धा फोनची चूक पाचेक मीटर असते. कड्याला लागून चालताना अर्धं आकाश झाकलं जातं, उपग्रहाचे संकेत खडकावर आपटून येतात आणि चूक आणखी वाढते. वरची वाट की खालची, हे फोन सांगू शकत नाही. दरीची कड तर नाहीच नाही. ते काम पांढऱ्या काठीचं किंवा सोबत्याचं.

खुणेचं नाव पायाला उपयोगी पडेल असं द्या. ‘पॉइंट ४’पेक्षा ‘बारा पायऱ्या खाली, उजवीकडे कठडा’ हे किती तरी बरं. झरा, बाक, हात लावून बघण्याजोगं मोठं झाड यांच्याही खुणा ठेवा. फिरायला निघालेल्या माणसाला नुसतं पोचायचं नसतं.

हेडफोन बोन कंडक्शनचे, म्हणजे हाडातून आवाज पोचवणारे घ्या, कान मोकळे राहतात. एकाच कानात इअरबड घातला तर दिशाच कळत नाही. चालताना फोन खिशात चालतो, पण थांबलात की तो हातात सपाट धरून फिरवावा लागतो. कव्हरमध्ये लोहचुंबक असेल तर होकायंत्र बिघडतं. आजूबाजूच्या जागांची नावं ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनीच मिळून बनवलेल्या नकाशावरून इंटरनेटने येतात, तेव्हा रेंज आहे तोवर अ‍ॅप उघडून घ्या. आपल्याकडच्या कितीतरी पायवाटा त्या नकाशावर अजून नाहीत. त्या कुणीही घालू शकतो आणि डोळस ट्रेकरांनी हे काम जरूर हाती घ्यावं.

डोक्याच्या उंचीवरची बाभळीची फांदी अ‍ॅपलाही कळत नाही आणि काठीलाही. पुढे कड असलेली टोपी घाला. पावसात छत्रीपेक्षा रेनकोट बरा, कारण छत्रीवरच्या टपटपीत ठोका बुडतो. आणि वाट दुसऱ्याला देण्याआधी दोन्ही बाजूंनी चालून बघा. जाताना वळणाआधी येणारी खूण परतताना वळण संपल्यावर येते, म्हणून परतीसाठी बहुतेक वेळा वेगळा खुणांचा संच करावा लागतो.