पौषातल्या सकाळी कोमट पाण्याने गाडी धुताना

जानेवारीत पणजीचे किमान तापमान २० अंशांच्या आसपास राहते, त्यामुळे गोव्याच्या थंडीला बाहेरचे लोक थंडी मानत नाहीत. परंतु सत्तरी तालुक्यात, सह्याद्रीच्या पायथ्याशी, पौषातल्या सकाळी पारा त्याहून खाली उतरतो आणि उघड्यावर उभ्या असलेल्या गाडीवर एवढे दव पडते की टपावरून पाणी ओघळत असते. या दवाने गाडी स्वच्छ होत नाही. दिवसभर बसलेली जांभ्याची तांबडी धूळ त्यात भिजते आणि उन्हे वर आली की पत्र्यावर थर होऊन वाळते. याच दिवसांत आंब्याला मोहोर येतो, मोहोरावर तुडतुडे येतात, आणि रस शोषून ते जो साखरेसारखा चिकट स्राव टाकतात तो झाडाखालच्या प्रत्येक वस्तूवर बारीक थेंबांनी पडत राहतो. आमच्या अंगणात गाडी उभी करण्याजोगी एकच जागा आहे आणि ती मानकुराद आंब्याच्या झाडाखाली आहे.

टाकीतल्या गार पाण्याने धूळ निघते, पण हा चिकटा निघत नाही. तो घासून काढायला गेले की त्यात अडकलेली धूळ रंगावर फिरते आणि उन्हात पाहिले तर बारीक ओरखड्यांची जाळी दिसते. रंगावरचा पारदर्शक लेप साधारण ४० ते ५० मायक्रॉन, म्हणजे केसाच्या जाडीपेक्षाही कमी असतो, हे समजल्यापासून मी घासणे शक्य तितके टाळतो. साखर कोमट पाण्यात लवकर विरघळते आणि शॅम्पूही कोमट पाण्यात अधिक चांगले काम करतो. मला या उपायाची गरज वाटली ती यासाठीच.

पाणी तापवण्याची सोय घरात होतीच. न्हाणीतले तांब्याचे भाण आई सकाळी नारळाच्या सोडणांवर तापवते, आणि सगळ्यांच्या आंघोळी झाल्यावर उरलेले पाणी माझ्या वाट्याला येते. बादलीत आधी गार पाणी घेऊन त्यात गरम पाणी मिसळतो आणि तान्ह्या मुलाच्या आंघोळीचे पाणी पाहतात तसे कोपर बुडवून पाहतो. चाळीस अंशांच्या पुढे जाण्याचे काही कारण नाही. विहिरीचे ताजे उपसलेले पाणी या दिवसांत हवेपेक्षा उबदार असते, म्हणून टाकीऐवजी ते घेतले तर भाणातले पाणी कमी लागते.

शेजारच्या काकांनी एकदा आपुलकीने सांगितले, "अरे, सरळ कढत पाणी ओत, सगळे सुटेल." त्यांचा मी मान ठेवतो, पण हा सल्ला मानला नाही. समोरची काच दोन काचांमध्ये प्लास्टिकचा पापुद्रा घालून केलेली असते. तिच्यावर दगड उडून आधीच बारीक टवका गेला असेल, तर गार काचेवर कढत पाणी पडताच एक भाग झटकन प्रसरण पावतो आणि टवक्यापासून चीर पुढे सरकू शकते. आमच्या रस्त्यांवर ट्रकच्या चाकांखालून खडी उडतच असते, तेव्हा असा टवका नसलेली काच सापडणे कठीण. काचेवर मी कोमट पाणीदेखील बेताने, खालून वर सरकत घालतो.

प्रत्यक्ष धुण्यात पहिले आणि सर्वांत महत्त्वाचे काम म्हणजे हात न लावता धूळ वाहून जाऊ देणे. त्यासाठी टपापासून खाली भरपूर साधे पाणी सोडतो. मग चिकट्याच्या जागी, पक्ष्यांच्या विष्ठेवर आणि रात्री चोर्ला घाटातून आल्यास बंपरवर वाळलेल्या किड्यांवर कोमट पाण्यात भिजवलेली फडकी पसरून ठेवतो. थोड्या वेळाने ती उचलली की बहुतेक मळ फडक्याबरोबरच येतो. विष्ठा तर त्याच दिवशी काढावी, कारण तिच्यातल्या आम्लाने रंगावर कायमचा डाग उमटतो. त्यानंतर शॅम्पूची एक बादली, हातमोजा खळबळण्यासाठी साध्या पाण्याची दुसरी, आणि टप, काचा, बॉनेट, दारे असा क्रम. चाके शेवटी आणि वेगळ्या फडक्याने. भांड्यांचा साबण मी वापरत नाही, तो वॅक्सचा थर उतरवतो.

कोमट पाण्याचा एक दोषही ध्यानात ठेवावा लागतो. ते लवकर वाळते आणि शॅम्पू पत्र्यावर सुकू लागतो. त्यामुळे एका वेळी एकच भाग धुऊन लगेच साध्या पाण्याने खळबळावा. हे काम ऊन अंगणात येण्याआधी संपवणे चांगले, आणि फेसाचे पाणी विहिरीकडे वाहणार नाही अशा उतारावर गाडी घेणे आवश्यक आहे. आमच्याकडे ते पाणी माडांच्या विरुद्ध बाजूच्या गडग्याकडे जाते.

पुसताना दारांच्या कडा आणि डिकीचे रबर विसरू नये. सकाळच्या दमट हवेत तिथले पाणी तासन्‌तास वाळत नाही. मी दारे उघडी ठेवून गाडीला वारा लागू देतो आणि मग ब्रेक हलके दाबत ती गावाच्या तिठ्यापर्यंत नेऊन आणतो, म्हणजे ओल्या ब्रेक डिस्कवर गंज धरत नाही. वॅक्स लावलेले असले तर पुढच्या आठवड्यात चिकटा नुसत्या कोमट पाण्याने सुटतो, शॅम्पूही लागत नाही. म्हणून मोहोर फुलण्याआधी, मार्गशीर्षातच, वॅक्सचा हात देऊन ठेवतो.