मान आपोआप वर गेली

आज इतक्या वर्षांनी न्यूयॉर्कमधल्या वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या त्या जागी गेलो. सबवेतून बाहेर पडल्या पडल्या मान आपोआप वर गेली. शेजारी नवी इमारत आहे, चांगली १,७७६ फुटांची. पण डोळे शोधत होते ते जुने दोन टॉवर.

२००० च्या उन्हाळ्यात साउथ टॉवरच्या १०७व्या मजल्यावर गेलो होतो. लिफ्टमध्ये कानात दडे बसले होते. वरच्या खिडक्या जेमतेम दीड फूट रुंद. वास्तुविशारद मिनोरू यामासाकींना म्हणे उंचीची भीती वाटायची, म्हणून त्या इतक्या अरुंद. माझ्यासारख्या भित्र्याला ते बरंच पडलं. दोन्ही बाजूंच्या खांबांना घट्ट धरलं, कपाळ काचेला टेकवलं आणि खाली बघितलं. पिवळ्या टॅक्सी मोहरीएवढ्या! मग गच्चीवर गेलो. समोर नॉर्थ टॉवरचा अँटेना आणि वारा असा की बोललेलं ऐकू येईना. १९७४ मध्ये फिलिप पेती हा फ्रेंच कसरतपटू याच दोन गच्च्यांच्या मध्ये तार बांधून चालला होता. मला तर कठड्याजवळ जायलाही दहा मिनिटं लागली.

फोटो एकच निघाला, त्यातही निम्मं माझंच डोकं. रोल संपला होता. म्हटलं, पुढच्या वेळी काढू.

आता तिथे चौकोनी खड्डा आणि त्यात कोसळणारं पाणी. कडेच्या ब्राँझवर हल्ल्यात गेलेल्यांची नावं कोरलेली. एका नावात पांढरं गुलाब खोचलेलं होतं. ज्याचा वाढदिवस असतो त्याच्या नावात ते खोचतात. मी ते नाव दोनदा वाचलं. मोबाइल खिशातच राहिला.